शेतकरी कंपनीचे संचालक हिशेबच देत नाहीत, दाद कुठे मागायची?

तुम्ही लिहिलंय की शेअर घेऊन चार वर्षं झाली, सभेची नोटीस एकदाही आली नाही, हिशेब मागितला की "पुढच्या महिन्यात बघू", आणि डीडीआर ऑफिसने, म्हणजे सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांनी, तुमचा अर्ज परत केला. परत करणारच. मी औसा तालुक्यातला. हीच चूक करून लातूरच्या चार खेपा वाया घातल्या. शेतकरी उत्पादक कंपनी म्हणजे सोसायटी नव्हे. तिला सहकार कायदा नाही, कंपनी कायदा २०१३ लागतो.

आधी कागद काढा. कंपनी मंत्रालयाच्या वेबसाइटवर १०० रुपये भरले की कंपनीने दाखल केलेला ताळेबंद, वार्षिक विवरणपत्र सगळं बघता येतं. आमच्या विवरणपत्रात चक्क सभा झाल्याची तारीख होती! त्या दिवशी मी हरभऱ्याच्या बियाण्यासाठी गेलो होतो आणि गोदामाचं कुलूप बघून परत आलो होतो. विवरणपत्रात जाणूनबुजून खोटं लिहिणं कलम ४४८ खाली गुन्हा आहे. ते विवरणपत्र जोडून रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडे, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी निबंधकाकडे, तक्रार करा.

सोबत संचालकांना विशेष सभेची मागणी द्या. साध्या कंपनीत एक दशांश मतं पुरतात, आपल्यात एक तृतीयांश सभासदांच्या सह्या लागतात. आमचे सभासद ६००, म्हणजे २०० सह्या. आठवडी बाजारात पोत्यावर बसून गोळा केल्या. निम्म्यांना आपण सभासद आहोत हेच आठवेना. कंपनीचे ऑफिसवाले पोच देईनात, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवलं. संचालकांनी २१ दिवसांत सभा बोलवायची असते आणि ती मागणीपासून ४५ दिवसांत व्हावी लागते. नाही बोलावली तर अर्जदार स्वतः बोलवू शकतात.

गैरकारभारासाठी कलम २४१ खाली मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात जाता येतं. १०० किंवा एक दशांश सभासद, जो आकडा कमी असेल तेवढे पुरतात. पण हजाराच्या शेअरसाठी मुंबईचा वकील परवडतो का, ते बघा. कलम ३७८ झेडओ मध्ये लवादाचीही सोय आहे.

एक सांगतो, सभेला एक चतुर्थांश सभासद हजर लागतात. संचालकांनी आमची तारीख नेमकी सोयाबीन काढणीत टाकली. दीडशे हवे होते, आले नव्वद. मळणीयंत्र दारात उभं असताना कोण येतंय? तुम्ही मागणी एप्रिलातच द्या.