चार्टरमधून होमस्कूल घेताना

अगं, कॅलिफोर्नियात लोक चार्टर शाळेत, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळेत, नाव घालून मुलांना घरीच शिकवतात (होमस्कूल) ते निव्वळ शाळा खर्चाला देते त्या पैशासाठी, असं समजू नकोस. पैसे आपल्या हातात येतच नाहीत. पुस्तकांचे, क्लासचे शाळा परस्पर भरते. धार्मिक पुस्तकं त्यात बसत नाहीत. खरा आधार शिक्षिकेचा. आमच्या बाई साधारण महिन्याने भेटतात, लेकाच्या वहीतली दोन-चार पानं नमुन्याला नेतात. पहिल्या वर्षी बाई येण्याच्या आदल्या रात्री कोऱ्या वह्या बघून मी रडकुंडीला आले होते! आता दर शुक्रवारी त्याच्या कामाचे फोटो काढून ठेवते. तिसरीपासून राज्याची परीक्षा येते. हे सगळं नको असेल तर ऑक्टोबरात आपलं घर हीच खासगी शाळा असं सांगणारं प्रतिज्ञापत्र राज्याकडे भर, खर्च मात्र सगळा तुझा. आणि हो, चार्टरच्या पैशातून मायक्रोस्कोप घेतलास तर जपून वापर, तो शाळेला परत करायचा असतो.