'टर्न ऑफ इट' का चालत नाही? तुमचे प्रश्न आणि उत्तरं

इंग्रजी क्रियापदांच्या मागे लागणाऱ्या अप, ऑफ, ॲट, टू वगैरे छोट्या शब्दांवर बरेच प्रश्न आलेत, त्यातले काही आज घेतो.

प्रश्न: 'टर्न ऑफ द फॅन' बरोबर, 'टर्न द फॅन ऑफ' पण बरोबर, मग 'टर्न ऑफ इट' चूक का? आणि 'लुक आफ्टर इट' मात्र कसं चालतं?

कारण दोन्हीकडचा छोटा शब्द एका जातीचा नाहीये. 'टर्न ऑफ' मधला ऑफ हा क्रियापदाचा आहे, टर्न आणि ऑफ मिळून 'बंद करणे' होतं, फॅनशी ऑफचं थेट नातं काही नाही. अशा जोडीत कर्म मध्ये पण बसतं आणि शेवटी पण. पण कर्माच्या जागी इट, देम, हिम, हर असं सर्वनाम आलं की ते मध्येच बसवायचं, 'टर्न इट ऑफ'. का तर इंग्रजीत वाक्याचं शेवटचं ठिकाण सहसा नवीन किंवा वजनदार माहितीला मिळतं, आणि इट म्हणजे आधी बोलून झालेली गोष्ट, त्यावर जोर पण नसतो. याच कारणाने कर्म लांबलचक असेल, समजा 'शेजारच्या खोलीत काल बसवलेला पंखा', तर ते शेवटी टाकतात, मध्ये कोंबलं तर ऑफ येईपर्यंत ऐकणारा सुरुवातच विसरतो.

'लुक आफ्टर' मध्ये आफ्टर हा पुढच्या नामाला धरून असलेला शब्द आहे, आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा, फक्त आपल्याकडे तो नामाच्या मागून येतो आणि इंग्रजीत आधी. त्याला नामापासून तोडता येत नाही, म्हणून 'लुक हर आफ्टर' कधीच होत नाही.

प्रश्न: पण छोटा शब्द क्रियापदाचा आहे की नामाचा हे ओळखायचं कसं? दिसायला तर सगळे सारखेच दिसतात.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, इथे जरा वेळ देऊया. दोन वाक्यं घ्या: 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल'. पहिल्यात तो टेकडीवर धावत गेला, दुसऱ्यात त्याने उधारी वाढवून ठेवली. शब्द जवळजवळ तेच, पण पहिल्यात 'अप अ हिल' हा एक गट आहे, दुसऱ्यात 'रॅन अप' हा एक गट आहे.

आता सर्वनाम घालून बघा. टेकडीला इट म्हटलं तर 'ही रॅन अप इट', बिलाला म्हटलं तर 'ही रॅन इट अप'. झालं वेगळं. दुसरी परीक्षा म्हणजे मध्ये क्विकली घालून बघा, 'ही रॅन क्विकली अप द हिल' कानाला ठीक लागतं, 'ही रॅन क्विकली अप अ बिल' कुणी म्हणणार नाही, कारण एकाच गटाच्या मध्ये तुम्ही पाचर मारताय. आणि तिसरी परीक्षा कानाची, जी मला सगळ्यात भरवशाची वाटते. 'लुक इट अप' म्हणताना जोर अपवर येतो, 'लुक ॲट इट' म्हणताना लुकवर येतो आणि ॲट पटकन उरकला जातो. साधारणपणे क्रियापदाचा छोटा शब्द जोरात उच्चारतात आणि नामाचा हळू. म्हणून नवीन जोडी शिकताना नुसती वाचू नका, मोठ्याने म्हणा.

प्रश्न: 'वी डिस्कस्ड अबाउट द प्लॅन' यातला अबाउट दर वेळी खोडला जातो. विषयाबद्दल चर्चा करतो ना आपण?

मराठीत करतो, आणि चूक नेमकी तिथूनच येते. आपण योजने'बद्दल' चर्चा करतो, खोली'त' शिरतो, ठिकाणा'वर' पोचतो, कुणा'शी' लग्न करतो. तेच अबाउट, इन, ॲट, विथ होऊन इंग्रजीत घुसतं. पण डिस्कस, रीच, मॅरी ही क्रियापदं कर्म थेट घेतात, आणि खोलीत शिरणं या अर्थी एंटर पण. 'डिस्कस द प्लॅन', 'एंटर द रूम', बस. करारात शिरताना मात्र 'एंटर इन्टू' लागतं. उलटा प्रकार पण आहेच, आपण गाणं ऐकतो म्हणून 'लिसन म्युझिक' लिहितो, तिथे टू हवाच. आणि 'एक्सप्लेन मी' नको, 'एक्सप्लेन इट टू मी' म्हणा. 'कोप अप विथ' तर इतकं कानावर पडतं की बरोबर वाटायला लागतं, पण प्रमाण इंग्रजीत 'कोप विथ' एवढंच आहे, अप बहुतेक 'कीप अप विथ' मधून चिकटलाय.

प्रश्न: 'लुक फॉरवर्ड टू मीट यू' की 'मीटिंग यू'?

मीटिंग. टूच्या पुढे नुसतं इट ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' होतं, म्हणजे हा टू नामाचा आहे, त्याच्यापुढे क्रियापद आलं तर ते आयएनजी लावून नामासारखं करूनच येणार. 'आय वॉन्ट टू इट' होत नाही, म्हणून 'वॉन्ट टू मीट'. 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली' म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे, आणि 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली' म्हणजे पूर्वी उठायचो. एवढ्याशा फरकाने अर्थ पार फिरतो.

प्रश्न: अशा जोड्या शेकड्याने आहेत, एकेकीचे चार चार अर्थ. पाठ कशा करायच्या?

यादी करून पाठ करू नका, मनापासून सांगतो. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्या माणसाला इंग्रजीत सगळ्यात जास्त अडचण या जोड्यांची होते, तेव्हा हा त्रास फक्त तुमचा नाही.

आपल्याकडे 'खाऊन टाक' मध्ये कुणी काही फेकत नाही, टाक फक्त काम संपवायचं सांगतो. 'ईट अप', 'यूज अप', 'टेअर अप' मधला अप बराचसा तेच करतो, पूर्ण, शेवटपर्यंत. हा धागा सापडला की निम्म्या जोड्या अंदाजाने कळतात. सगळ्या नाही, 'गिव्ह अप' किंवा 'ब्रिंग अप' तिथे बसवायला गेलात तर फसाल. दुसरं म्हणजे जोडी कर्मासकट वाक्यात शिका. 'द प्लेन टुक ऑफ' मध्ये कर्म नाही, विमान उडालं. 'टेक ऑफ युअर शूज' मध्ये कर्म आहे, बूट काढ, मग साहजिकच 'टेक देम ऑफ'. वहीत नुसतं 'टेक ऑफ' लिहून समोर चार अर्थ मांडलेत तर हा फरक कधीच दिसणार नाही.

प्रश्न: वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आलं तर चूक ना?

नाही. 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' हे चांगलं, स्वच्छ इंग्रजी आहे. जॉन ड्रायडन या कवीने 1672 मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या (वरचा कोशकार नव्हे) अशा रचनेवर आक्षेप घेतला, पुढे व्याकरणाच्या पुस्तकांनी त्याचा नियम करून टाकला. अगदी औपचारिक लिहिताना हवं तर टाळा.

प्रश्न: लॉगिन एक शब्द की लॉग इन दोन?

क्रियापद असेल तर दोन, नाम असेल तर एक. भूतकाळ करून बघा, 'लॉग्ड इन' होतं, 'लॉगिन्ड' होत नाही. सेटअप, बॅकअप, ब्रेकडाउन सगळ्यांना हेच लागू, आणि नाम झालं की जोर पहिल्या भागावर सरकतो, 'बॅक इट अप' आणि 'बॅकअप' एकामागोमाग मोठ्याने म्हणून बघा, लगेच ऐकू येईल.