भर उन्हात फुलपाखरं जातात कुठे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : सुट्टीच्या दिवशी साडेदहा-अकराला कॅमेरा घेऊन बाहेर पडतो. फुलपाखरं दिसतात, पण एकही धड बसत नाही. बारानंतर तर सगळी गायबच होतात. उन्हाळ्यात नेमकं कधी जावं?

उत्तर : दोन-तीन तास आधी निघा. फुलपाखराला अंगची ऊब फारशी नसते. उडण्याचे स्नायू नीट चालायला छातीचं तापमान साधारण ३० अंशांपर्यंत किंवा त्याच्या वर जावं लागतं, म्हणून सकाळी ते आधी ऊन खात बसतं. काही जाती पंख सपाट पसरून पाठ तापवतात, काही पंख मिटून एक कूस सूर्याकडे करतात आणि किंचित कलतात. सूर्य वर आल्यानंतरच्या पहिल्या दीड-दोन तासांत हे चालतं, आणि फोटोसाठी याहून चांगली वेळ नाही. अकरापर्यंत अंग पुरेसं तापलेलं असतं. मग नर माद्यांच्या शोधात गस्त घालू लागतात आणि फुलावर दोन-तीन सेकंदांच्या वर टिकत नाहीत. ऊन आणखी चढलं की अंग जास्त तापायची भीती, म्हणून ती सावली गाठतात. गायब झालेली फुलपाखरं तिथेच असतात, फक्त पानांच्या खालच्या बाजूला आणि झुडपांच्या आत. दुपारी उघड्यावर न फिरता झुडपाशी खाली बसून वर बघा.

संध्याकाळी मात्र सूर्य मावळण्याआधीचा तास सोडू नका. कोण कुठे मुक्कामाला जातंय ते हेरून ठेवायचं. लहान निळ्या जाती गवताच्या काडीवर बसतात, पुष्कळदा डोकं खाली करून. काही मोठ्या जाती वाळक्या फांदीवर थव्याने लटकतात. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याच जागी गेलात तर फुलपाखरू गार आणि स्तब्ध असतं. तेव्हा ट्रायपॉड लावून एफ/११ (ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बरंच बारीक) आणि १/१५ सेकंदाच्या संथ शटरवरही काम होतं, फक्त वारा पडलेला हवा.

प्रश्न : उन्हाळ्यात फुलं जवळजवळ संपतात. मग शोधायचं कुठे?

उत्तर : ओल शोधा. कोरड्या दिवसांत ओढ्याचा काठ, गळक्या नळाखालची माती, जनावरांनी मुतलेली जागा, ओलं शेण ही फुलांपेक्षा भरवशाची ठिकाणं आहेत. इथली ओल फुलपाखरं सोंडेने शोषतात, त्याला चिखलपान म्हणतात. जमणारे बहुतेक नर असतात आणि त्यांना पाण्याइतकंच त्यातलं सोडियम हवं असतं, जे मकरंदात फारसं मिळत नाही. मीलनाच्या वेळी त्यातला काही वाटा मादीकडे जातो. नर या कामात इतके गुंग होतात की एरवी जवळ न येऊ देणाऱ्या जातीही हातभर अंतरावर थांबतात. तुम्ही पोहोचल्यावर थवा उठलाच, तर मागे सरकू नका आणि पुढेही जाऊ नका. दोन-तीन मीटरवर खाली बसून राहा. काही मिनिटांत एकेक परत उतरतं, आणि एक बसलं की बाकीची त्याच्याशेजारी येतात. कॅमेरा जमिनीला टेकवा. उभ्याने घेतलेल्या फोटोत मिटलेल्या पंखांच्या नुसत्या रेघा दिसतात.

दुसरी जागा म्हणजे सुरवंटांची खाद्यवनस्पती. रुईवर प्लेन टायगर, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर लाइम आणि कॉमन मॉर्मन, कण्हेरीवर कॉमन क्रो, गवतावर ब्राउन आणि स्किपर कुळातली पुष्कळशी फुलपाखरं. अंडी घालायला आलेली मादी सावकाश एकेका पानावर उतरते, पुढच्या पायांनी टपटप करून चव घेते, मग पोट वाकवते. तिचा मार्ग एकदा लक्षात आला की पुढच्या पानावर आधीच फोकस लावून थांबता येतं. कुजकी फळं आणि झाडाच्या खोडातून पाझरणारा रस यांवर येणाऱ्या जाती फुलांकडे फिरकतही नाहीत, तेव्हा खोडंही बघत चला.

प्रश्न : कितीही हळू गेलो तरी शेवटच्या क्षणी उडतं. काय चुकतं?

उत्तर : बहुधा सावली. सूर्य पाठीशी घ्या हा सल्ला फोटोसाठी ठीक आहे, पण सकाळी-संध्याकाळी तुमची लांब सावली तुमच्या आधी फुलपाखरावर पडते आणि ते उडतं. सूर्य खांद्याच्या बाजूला ठेवा. दुसरं म्हणजे आडवी हालचाल. संयुक्त डोळ्यांना जवळजवळ चौफेर दिसतं आणि हलणारी गोष्ट चटकन जाणवते. सरळ रेषेत पुढे सरकणारा माणूस त्या मानाने कमी खटकतो. उठ-बस करायची ती लांब असतानाच. कॅमेराही तेव्हाच डोळ्याला लावा, शेवटच्या मीटरभरात हात वर जायला नको. ज्या फुलावर फुलपाखरू बसलंय त्याच्या शेजारची काडी पायाने हलली तरी खेळ संपतो.

फुलपाखरू बसताक्षणी त्याच्याकडे जाऊ नका. सोंड फुलात गेली की पुढे सरका, बाहेर आली की थांबा. आणि उडालं तर पाठलाग नकोच. अनेक जातींचे नर आपली ठरलेली फांदी राखतात, आल्यागेल्याला हुसकावून पुन्हा तिथेच येऊन बसतात. मागे धावणारा दमतो, फांदीपाशी थांबणाऱ्याला फोटो मिळतो.

प्रश्न : मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठं दाखवणारी) घ्यायची ऐपत नाही. ७०-३०० झूम आणि ५० मि.मी. लेन्स आहे. चालेल?

उत्तर : झूम चालेल, ५० मि.मी. उन्हाळ्यात फारशी उपयोगी पडणार नाही. ७०-३०० प्रकारच्या बऱ्याच लेन्स दीडेक मीटरवरून ०.२५ पट आकार देतात. सहा सें.मी. पंखविस्ताराचं फुलपाखरू तेव्हा सेन्सरवर दीड सें.मी. येतं. क्रॉप (पूर्ण आकाराहून लहान) सेन्सरच्या रुंदीचा हा जवळपास दोन-तृतीयांश भाग, म्हणजे मोठ्या जातींसाठी भरपूर. अडीच सें.मी.ची निळी फुलपाखरं मात्र छोटी राहतात. त्यांच्यासाठी काच नसलेली एक्स्टेन्शन ट्यूब लेन्समागे लावता येते. वाढणारा आकार म्हणजे ढोबळमानाने ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ. ३६ मि.मी. ट्यूबने ३०० मि.मी.वर ०.१२ची भर पडते; तीच ५० मि.मी.वर ०.७२ देते, पण मग लेन्स फुलपाखराच्या इतक्या जवळ न्यावी लागते की ते थांबत नाही. ट्यूब लावल्यावर लांबचा फोकस जातो, थोडा प्रकाशही कमी होतो.

पुढेमागे मॅक्रो घेतलीत तर ९० ते १०५ मि.मी.ची घ्या. ६० मि.मी.ची फुलांना आणि कोळ्यांना बरी.

प्रश्न : डोळा स्पष्ट येतो, पण पंखांची टोकं धूसर. एफ/२२ केलं तर सगळंच मऊ झालं.

उत्तर : इतक्या जवळून स्पष्टतेची खोली मिलिमीटरमध्ये मोजावी लागते. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर, एफ/८ला, ०.२५ पट आकारात ती साधारण ९ ते १० मि.मी. असते, अर्ध्या आकारात जेमतेम ३ आणि एकास एकला (सेन्सरवर खऱ्या आकाराइतकं) १ मि.मी.हूनही कमी. ॲपर्चर बारीक करत गेलं की प्रकाशाचं विवर्तन (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरणं) आडवं येतं. एकास एक आकारात एफ/१६ हे प्रत्यक्षात एफ/३२सारखं वागतं, मग एफ/२२चं काय होणार? एफ/८ ते एफ/११वर राहा आणि कॅमेऱ्याची पाठ पंखांच्या पातळीला समांतर करा. पंख मिटलेले असतील तर अगदी बाजूने, पसरलेले असतील तर वरून. पाच अंशांचा तिरकेपणाही दिसतो. शंका असेल तर डावी-उजवीकडे केसभर झुलत चार-पाच फोटो काढा, एखादा जुळतो.

शटर बसलेल्या फुलपाखराला १/५०० सेकंद, मकरंद पिताना पंख फडफडवणाऱ्या स्वॅलोटेलना (लाइम, मॉर्मन यांचं कूळ) १/१६००च्या पुढे. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. दाणे चालतात, हललेला डोळा चालत नाही.

डोळ्यावर फोकस करताना तो डोळाच आहे ना हे बघा. निळ्या कुळातल्या अनेक जातींच्या मागच्या पंखांवर खोटं डोकं असतं: डोळ्यासारखा ठिपका, मिशांसारख्या शेपट्या, वर पंख घासून त्या हलवायच्याही. पक्षी तिथे चोच मारतो आणि फुलपाखरू सुटतं. कॅमेऱ्याचा ऑटोफोकसही पुष्कळदा तिथेच जातो.

भर दुपारी, जमिनीलगत, लांब लेन्सने काढलेला फोटो सगळं बरोबर असूनही मऊ आला तर दोष तापलेल्या हवेच्या लहरींचा असतो. जवळ जा किंवा सावलीत या.

प्रश्न : पांढरी फुलपाखरं पार जळून येतात.

उत्तर : गर्द हिरवळीवर छोटं पांढरं फुलपाखरू असलं की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक हिरवळीचा हिशेब धरतो आणि पांढऱ्याचे तपशील उडतात. एक्स्पोजर ०.७ ते १.३ स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा) खाली आणा आणि जळलेला भाग लुकलुकवून दाखवणारी सूचना चालू ठेवा. हाच आकडा डोळे मिटून सगळीकडे वापरू नका. चौकट भरून पांढरं असेल तर उलट थोडं वाढवावं लागतं. कडक सावल्यांसाठी डिफ्यूझर (प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) लावलेला फ्लॅश दीड-दोन स्टॉप कमी करून वापरा, पण साध्या फ्लॅशला शटर १/२०० किंवा १/२५०च्या पुढे नेता येत नाही हे लक्षात असू द्या.

प्रश्न : मोबाइलवर काही जमेल का?

उत्तर : जमेल, मॅक्रो मोड बंद केल्यावर. त्या मोडमध्ये बरेच फोन रुंद लेन्सवर उडी मारतात आणि तीन-चार सें.मी.वर जायला लावतात. दोन किंवा तीन पट टेलिलेन्स निवडा, बोट दाबून धरून फोकस पक्का करा, उजेड थोडा कमी करा, बर्स्टमध्ये (एका दमात सलग अनेक) काढा. उरलेलं कापून मोठं करता येतं.

प्रश्न : माझ्या फोटोंवरून ओळख पटवता येत नाही असं सांगतात. शिवाय पुस्तकातल्या चित्रात पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके आहेत, माझ्या फोटोत नाहीत.

उत्तर : पंखांची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू द्या. निळ्या जातींत वरून सगळी सारखीच दिसतात, फरक खालच्या ठिपक्यांच्या मांडणीत असतो. मिशांचं टोकही हवं. ते गाठीसारखं फुगीर असेल तर फुलपाखरू, आकड्यासारखं वळलेलं असेल तर स्किपर, पिसासारखं किंवा निमुळतं असेल तर बहुतेक वेळा पतंग. सोबत तारीख, जागा आणि ते कोणत्या झाडावर होतं याची नोंद ठेवा. पहिला फोटो लांबूनच काढून ठेवा. तो कुरूप असला तरी नोंदीला पुरतो.

ठिपक्यांचं उत्तर ऋतूत आहे. कॉमन इव्हनिंग ब्राउनसारख्या जातींची पावसाळी आणि कोरड्या ऋतूतली रूपं वेगळी असतात. पावसाळी रूपात डोळे ठळक. कोरड्या ऋतूत ते जवळजवळ पुसले जातात आणि पंख वाळक्या पानासारखे होतात, कारण तेव्हा त्याला वाळक्या पानांतच लपायचं असतं. तुमची जात बरोबर आहे, चित्र दुसऱ्या ऋतूतलं आहे.

प्रश्न : कुंडीतल्या झाडावरच्या कोशातून फुलपाखरू बाहेर आलं. पंख चुरगळलेले होते आणि खाली लाल थेंब पडले. मदत करायला हवी होती का?

उत्तर : नाही. तो लाल द्रव म्हणजे रक्त नव्हे, कोशावस्थेत साठलेलं टाकाऊ द्रव्य. पंख फुगून पूर्ण आकाराला यायला थोडी मिनिटं पुरतात, पण ते वाळून उडण्याजोगे व्हायला तासभर किंवा जास्त लागतो. या काळात त्याला मोकळं लटकायला जागा हवी. फोटो हवा तर थोड्या अंतरावरून, बाजूने, झाड न हलवता काढा. पंखाची एखादी कडा दुमडलेली दिसली तरी बोटाने सरळ करायला जाऊ नका, ओला पंख तिथेच फाटतो.