मेलेल्या प्रवाळाची साक्ष

प्रश्न : जीवाश्म प्रवाळांचा अभ्यास करून आजच्या प्रवाळभिंती वाचवायच्या, असं वाचनात आलं. मेलेल्याची कुंडली मांडून आजाऱ्याला बरं करण्यातला हा प्रकार वाटतो. त्याच पैशात जिवंत प्रवाळांची लागवड का करू नये? – एक वाचक

उत्तर : टोमणा झकास आहे, पण मला नवा नाही. तीसेक वर्षं प्रवाळांचे गाभे चिरण्यात घालवलेल्या बाईला हा प्रश्न घरीदारी सगळ्यांनी विचारून झालाय. लागवडीवर शेवटी येते. आधी हा मेलेला प्रवाळ काय बोलतो ते ऐका.

पोराइट्स नावाचा घुमटासारखा प्रवाळ वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतो. त्यात पोकळ ड्रिल घालून गाभा काढायचा आणि करवतीवर त्याचा उभा, पातळ काप करायचा. हातात घेतला की खडूसारखा पांढरा, बोटांना भुकटी लागते, आणि डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. त्याचाच एक्स-रे काढला की गडद-फिकट पट्टे उमटतात; एक गडद, एक फिकट मिळून एक वर्ष. हे खरोखर वर्षाचेच पट्टे आहेत, हे १९७२ साली पॅसिफिकमधल्या एनेवेटाक बेटांवरच्या प्रवाळांवरून पटलं. तिथल्या अणुचाचण्यांचा किरणोत्सर्ग ठरावीक पट्ट्यांत अडकून बसला होता, आणि चाचण्यांची सालं तर ठाऊकच होती. (त्या चाचण्यांचा दुसरा काही सदुपयोग माझ्या तरी ऐकिवात नाही.)

पट्ट्यातली चिमूटभर पूड तपासली की त्या वेळचा समुद्र कळतो. पाणी गरम असेल तर प्रवाळाच्या चुनखडी सांगाड्यात कॅल्शियमच्या मानानं स्ट्रॉन्शियम कमी जातं. नदीचा गाळ आला असेल तर बेरियम वाढतं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या जुन्या पोराइट्समध्ये १८७०च्या सुमारानंतर पुराच्या वर्षांतलं बेरियम एकदम चढलेलं सापडलं. बर्डेकिन नदीच्या खोऱ्यात गोऱ्या वसाहतवाल्यांची गुरं चरू लागली, त्याचा हा हिशेब. हे प्रवाळ पुरते जीवाश्म नव्हेत, वरून जिवंत आणि आतून जुने. पण वाचायची रीत तीच. ही प्रवाळभिंत वाचवायची तर किनाऱ्यापासून दूरची कुरणं सांभाळावी लागतात, हे पाण्यात कितीही बुड्या मारून दिसलं नसतं.

आता खऱ्या जुन्यांकडे येऊ. कॅरिबियनमध्ये हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचा अ‍ॅक्रोपोरा प्रवाळ १९७०च्या दशकाअखेरीपासून झपाट्यानं मेला. मुख्य संशय पांढऱ्या पट्ट्याच्या रोगावर (एक्स-रेतल्या पट्ट्यांशी याचा संबंध नाही). तेव्हा काही जाणकार म्हणत, असे चढउतार चालायचेच. सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड अ‍ॅरॉन्सन आणि सहकाऱ्यांनी मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाच्या एका खाजणात अ‍ॅल्युमिनियमचे लांब नळ प्रवाळांच्या ढिगाऱ्यात हातानं खुपसले. नळ उघडला तर खालपासून वरपर्यंत त्याच फांद्यांचे तुकडे, निदान तीन हजार वर्षांचे. अगदी वरच्या थरात तेवढा वेगळा, पानांसारखा पातळ अ‍ॅगारिशिया. तीन हजार वर्षांत घडलं नव्हतं ते डोळ्यांदेखत घडलं होतं. पुढे १९९८च्या उष्ण पाण्यात तो अ‍ॅगारिशियाही मेला. 'चालायचंच' म्हणणाऱ्यांची पंचाईत त्या नळानं केली, आणि माझ्या मते जीवाश्मांचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. शाबूत भिंत कशी दिसते, हे आपल्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही. मी पहिल्यांदा बुडी मारली तेव्हा जे दिसलं तेच मला कित्येक वर्षं नमुनेदार वाटायचं.

आणि भिंत म्हणजे नुसते प्रवाळ नव्हेत. पनामाच्या बोकास देल तोरोजवळ सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या प्रवाळभिंतीचा गाळ धुऊन त्यातून शार्कच्या कातडीवरचे खवले वेचले गेले. असा खवला मिलिमीटरभराचाही नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकानं उचलावा लागतो, आणि आपण शिंकलो तर गेला. आजच्या भिंतीतल्या गाळाशी तुलना केल्यावर शार्क सुमारे ७१ टक्के घटल्याचं दिसलं. हा निष्कर्ष २०२१ साली छापून आला.

जीवाश्मांना जाब विचारावा अशीही एक जागा आहे. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी, मागच्या उष्ण काळात, विषुववृत्तालगत प्रवाळांच्या जाती कमी झाल्या आणि उत्तर-दक्षिणेला जास्त राहिल्या. त्यावरून थंड बाजूच्या भिंती आतापासून जपा, हा सल्ला मला पटतो. पण तेव्हाची तापवाढ आजच्याइतकी वेगवान नव्हती, आणि पाण्यात सांडपाणीही नव्हतं. त्यामुळे 'प्रवाळ तेव्हा तगले, आताही तगतील' असं कुणी जीवाश्म दाखवून सांगू लागलं, तर त्यांना गाभ्यासकट माझ्याकडे पाठवा.

राहिली लागवड. जरूर करा, मीही एका प्रकल्पात फांद्या तारेला बांधल्यात. पहिल्याच उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त पांढऱ्या पडल्या. त्याच जागेचा गाभा आम्ही नंतर काढला, तर त्यात त्या जातीचा एकही तुकडा नव्हता, म्हणजे ती तिथे कधी रुजल्याची खूणच नव्हती. गाभा आधी काढायला आठवडा लागला असता.