दिग्रसच्या अंगणवाडीतून मेलबर्नला जायचंय, तर ‘संवादकौशल्य’ म्हणजे काय शिकवतात?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रसजवळ सहा वर्षं अंगणवाडी सेविका, शिक्षण मराठीतून बी.ए., आणि आता मिस्टरांच्या नोकरीपायी मेलबर्नला जायचं. तिथं बालसंगोपनाच्या कोर्समध्ये संवादकौशल्य म्हणून काय शिकवतात आणि आपलं मोडकंतोडकं इंग्रजी त्यात टिकेल का, हे तुम्हाला हवंय. मी घाटंजी तालुक्यातली. अकरा वर्षांपूर्वी हीच धडकी घेऊन आले होते. आता दोन वर्षांखालच्या लेकरांची खोली सांभाळते.

कागदाचं आधी उरकते. इथं बालसंगोपनाचं सर्टिफिकेट थ्री लागतं, त्याला ‘सीएचसी’नं सुरू होणारा सरकारी कोड असतो. त्यात १६० तास खऱ्या केंद्रात काम करावं लागतं. वरचा डिप्लोमा, त्याला २८० तास. नागपुरात कुणी ‘इंटरनॅशनल चाइल्डकेअर’चं सर्टिफिकेट विकत असेल तर त्याला हा कोड विचारा. गडबडला की उठून या. कोर्स इथं येऊनच करा.

आता इंग्रजी. लेकरांशी बोलायला लागतं ते इंग्रजी महिनाभरात तोंडात बसतं, कारण रोज तेच तेच बोलायचं असतं. मला जड गेलं ते आपली बोलायची सवय मोडणं. आपल्याकडे तोंडातून पहिला शब्द निघतो ‘नको’. पळू नको, मारू नको, तिकडं जाऊ नको. इथं लेकरू पळालं तर ‘वॉकिंग फीट’ म्हणायचं, म्हणजे काय करायचं ते सांगायचं. एकानं दुसऱ्याला ढकललं तर खाली बसून, डोळ्याला डोळा देऊन, ‘तुला ट्रक हवा होता. ढकललं की त्याला लागतं. त्याच्याकडं माग.’ वाईट पोरगा, हट्टी पोरगी हे शब्द बंद. गंमत म्हणजे ‘शाब्बास, गुणाची गं माझी’ हेसुद्धा कमी करायचं. त्याऐवजी तिनं काय केलं ते बोलायचं: ‘तू सगळे ठोकळे एकावर एक रचलेस, पडले तरी पुन्हा रचलेस.’ सुरुवातीला मला हे नाटकी वाटायचं. अजूनही कधीकधी वाटतं. पण लेकरू त्यानंतर दहा मिनिटं जास्त खेळतं, हे मी रोज बघते. हात उगारणं किंवा धाक दाखवणं हा तर इथं कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा ती सवय विमानात बसायच्या आधीच सोडा.

दुसरा भाग पालकांचा, आणि माझी फजिती तिथंच झाली. प्लेसमेंटचा, म्हणजे कोर्समधल्या त्या केंद्रातल्या कामाचा, दुसराच आठवडा. एका पोरीच्या दंडाला दुसऱ्या लेकरानं चावा घेतला, दातांचे वळ उमटले. संध्याकाळी तिची आई आली, वळ बघून पांढरी पडली, म्हणाली, कुणी चावलं? मी नाव सांगून मोकळी. आपल्याकडे हेच करतो की आपण! मग ही आई त्या आईच्या दारात, हातवारे, अख्खी गल्ली गोळा. इथंही पार्किंगमध्ये तेच झालं, फक्त इंग्रजीत. खोलीप्रमुख बाईंनी मला बाजूला बसवून समजावलं: दुसऱ्या लेकराचं नाव कधीही सांगायचं नाही. किती वाजता, काय घडलं, आपण काय केलं, एवढंच सांगायचं. आणि ती आई न्यायला येईपर्यंत थांबायचंच नाही, आपण आधी फोन करायचा. नियमाप्रमाणे अशी इजा पालकांना शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत कळवावी लागते आणि तिचा फॉर्म भरावा लागतो. त्या फॉर्ममध्ये ‘बहुतेक’, ‘रागानं’ असले शब्द चालत नाहीत. डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं. तो एक फॉर्म मी त्या रात्री चार वेळा लिहिला.

तिसरी गोष्ट अवघड आहे, पण कोर्समध्ये ती मनापासून शिका. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, २०१९ पासून आपल्या कामातल्या बायांवर मुलांच्या छळाची माहिती कळवायचं कायदेशीर बंधन आहे. लेकरू काही सांगू लागलं तर ऐकायचं. ‘काकानं मारलं का?’ असं तोंडात शब्द घालून विचारायचं नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. लेकराचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे. आपण चुगली करतोय असं वाटतं, घरची सवय आडवी येते. मला आली होती.

हे सगळं ऐकून घाबरू नका, कारण यातलं निम्मं काम तुम्ही आत्ताच करता. माझ्या तिकडच्या अंगणवाडीत कोलाम आदिवासींच्या पोडावरची (वस्तीवरची) आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावरची लेकरं यायची. जून महिन्यात नवीन आलेलं तांड्यावरचं पोरगं दाराला धरून ‘याडी, याडी’ (आई, आई) करत रडायचं. मला त्यांची गोरमाटी बोली येत नव्हती, त्याला मराठी येत नव्हती. मी त्याच्याशेजारी फतकल मारून बसायची, त्याचाच ‘याडी’ शब्द परत म्हणायची, दाराकडे बोट दाखवून ‘याडी कापसात गेली, येईल’ म्हणायची, आणि खिचडीची ताटली पुढं करायची. इथं पहिल्या वर्षी एक चिनी लेकरू असंच रडत होतं. मी तेच केलं, फक्त ताटलीत केळं होतं. ट्रेनर बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, हे कुठल्या कोर्समध्ये शिकलीस? मी काय सांगणार बावा!

फरक आहे तो संख्येचा. तिकडं तुमच्यासमोर पंचवीस-तीस लेकरं, मदतनीसबाई चुलीपाशी, वजनं घ्यायची, वर मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरायचा. इथं, व्हिक्टोरियात, तीन वर्षांखालच्या चार लेकरांमागे एक बाई. त्यामुळे एकेका लेकराशी बोलायला वेळ मिळतो, आणि बोलला नाहीत तर लगेच दिसतं. केंद्रांचं मूल्यमापन सात निकषांवर होतं. त्यातला पाचवा निव्वळ मुलांशी असलेल्या नात्याचा आणि सहावा पालकांशी असलेल्या नात्याचा. तपासायला आलेली माणसं भिंतीवरचे तक्ते कमी आणि तुमचं बोलणं जास्त बघतात.

तर निघेपर्यंत एवढं करा. आठवडाभर ‘नको’ न वापरता अंगणवाडी चालवून बघा. पहिल्या दिवशी मुकं झाल्यासारखं वाटेल. वेचणीला जाणारी आई सकाळी लेकरू सोडते तेव्हा तिला ‘रात्री झोपला का, खाल्लं का’ विचारा आणि दुपारी ‘आज यानं काय केलं’ ते एका वाक्यात सांगा. इथं रोज दोन्ही वेळेला हेच करायचं असतं. आणि संध्याकाळी एका लेकराबद्दल चार ओळी लिहा, फक्त दिसलं तेवढंच. ‘हुशार आहे’ नाही. ‘तिनं तीन चिंचोके मोजून मैत्रिणीला दिले’ असं. आधी मराठीत, मग इंग्रजीत.

आजच्या चार ओळी मला मेसेजमध्ये पाठवा. मराठीतच पाठवल्या तरी चालतील.