वाचकांचे प्रश्न: व्हिडिओ पाहून इंग्रजी येतं का?

या वेळी मोबाइल आणि संगणकावरून इंग्रजी शिकण्याविषयीची पत्रं घेतली आहेत. एकाच अडचणीची पत्रं एकत्र केली असून नावं छापलेली नाहीत.

रोज तासभर इंग्रजी शिकवणारे व्हिडिओ पाहते. समोरचा बोलतो ते बरंचसं कळतं, पण स्वतः बोलायची वेळ आली की वाक्य जुळत नाही. काय चुकतंय? (पदवीधर गृहिणी, बार्शी)

आधी एक मोजणी करा. तुम्ही पाहता त्यातला एखादा वीस मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि त्यात प्रत्यक्ष इंग्रजी किती मिनिटं ऐकू येतं ते घड्याळ लावून पाहा. मराठीतून किंवा हिंदीतून समजावणाऱ्या व्हिडिओत ते बऱ्याचदा दोन-तीन मिनिटांच्या वर जात नाही. बाकी वेळ तुम्ही इंग्रजीविषयी ऐकत असता. आणि जे इंग्रजी ऐकू येतं, तेही डोळे पडद्यावरच्या खालच्या ओळी (सबटायटल्स) वाचून उरकतात. कान आणि तोंड दोघंही रिकामेच राहतात.

त्यामुळे व्हिडिओंची संख्या कमी करा आणि एकाच तुकड्यावर आठवडाभर बसा. तुकडा दोन ते तीन मिनिटांचा हवा. पहिल्यांदा ऐकताना निम्म्याहून बरंच जास्त कळलं पाहिजे. मिनिटाला पाच-सहाहून जास्त अनोळखी शब्द येत असतील, तर तो तुकडा आत्ता तुमच्यासाठी नाही. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम यासाठी सोयीचा आहे, कारण त्याचा लिखित मजकूरही मिळतो. तो जड वाटला तर ब्रिटिश कौन्सिलच्या ‘लर्न इंग्लिश’ या संकेतस्थळावर पायरीनुसार साहित्य आहे. तिथे ए1 म्हणजे अगदी सुरुवात, बी1 म्हणजे रोजचं कामकाज निभावेल इतपत. पदवीधरालाही ऐकण्यासाठी ए2 पासून सुरुवात करायला हरकत नाही. वाचता येतं तितकं ऐकताही येईल, असं नसतं.

पहिल्या दिवशी खालच्या ओळी बंद ठेवून तुकडा दोनदा ऐका आणि काय कळलं ते मराठीत दोन ओळींत लिहा. मग ओळी सुरू करून पुन्हा ऐका. जे निसटलं होतं त्याच्या दोन याद्या करा: एक अजिबात माहीत नसलेल्या शब्दांची, दुसरी माहीत असूनही कानाला न सापडलेल्या शब्दांची. दुसरी यादी जास्त मोलाची. ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू’ हे कागदावर कुणालाही कळतं, पण बोलताना त्याचं ‘वॉटर्य गॉना डू’ होतं आणि ओळखू येत नाही. हे शब्दकोशातून सुटत नाही, पुन्हा पुन्हा ऐकूनच सुटतं.

दुसऱ्या दिवशी त्यातली फक्त तीस सेकंदं घ्या आणि एकेक वाक्य थांबवून वहीत उतरवा. मग मूळ मजकुराशी ताडून पाहा. चुका बहुतेक बारक्या शब्दांत निघतील: ए, द, टू, ऑफ, क्रियापदाच्या शेवटचा ‘ड’ किंवा ‘स’. बोलताना नेमके हेच गळतात. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी बोलणाऱ्याच्या मागोमाग, अर्धा सेकंद उशिराने, मोठ्याने बोलत जा. पुटपुटू नका, त्याने जबडा हलत नाही. वेग झेपत नसेल तर सेटिंगमध्ये 0.75 करा. त्याखाली 0.5 वर मात्र जाऊ नका. स्वर रबरासारखे ताणले जातात आणि वाक्याचा ठेका मोडतो, म्हणजे ज्याची नक्कल करायची तेच हरवतं. पाचव्या दिवशी मोबाइलच्या रेकॉर्डरवर तोच विषय काही न पाहता एक मिनिट सांगा. सहाव्या दिवशी तेच ‘ही’ऐवजी ‘आय’ करून किंवा आजचं कालचं करून सांगा. इथे खरी दमछाक होते, पण वाक्य स्वतः जुळवायची सवय इथेच लागते. सातव्या दिवशी मूळ तुकड्याकडे एकदा परत जा आणि पुढचा निवडा. रोज वीस मिनिटं पुरतात. तासभर पाहण्यापेक्षा हे जास्त थकवतं, हे आधीच सांगून ठेवतो.

खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी आणि बोलणं जुळत नाही, असं वारंवार दिसतं. ओळींवर विश्वास ठेवावा का? मराठी भाषांतर लावून पाहिलं तर चालेल का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड)

यूट्यूबवर सबटायटल्सच्या यादीत भाषेच्या नावापुढे ‘ऑटो-जनरेटेड’ असं लिहिलेलं असेल, तर त्या ओळी यंत्राने ऐकून टाइप केलेल्या असतात. नुसतं ‘इंग्लिश’ असेल तर बहुधा माणसाने घातलेल्या. शिकण्यासाठी दुसऱ्या प्रकारचेच व्हिडिओ निवडा. यंत्र चुकतं ते ठरावीक जागी: माणसांची आणि गावांची नावं, आकडे (फिफ्टीन आणि फिफ्टी), आणि सगळ्यात घातक म्हणजे ‘कॅन’ व ‘कान्ट’. अमेरिकी बोलण्यात ‘कॅन्ट’चा शेवटचा ‘ट’ जवळजवळ गिळलेला असतो. फरक कळतो तो स्वरावरून: होकारार्थी वाक्यात नुसतं ‘कन्’ असं उडतं बोलतात, नकारार्थी वाक्यात ‘कॅ’ ठळक येतो. ‘आय कन् कम’ आणि ‘आय कॅन्(ट) कम’. ट शोधत बसाल तर अर्थ उलटा लागेल.

मराठी स्वयंचलित भाषांतर म्हणजे चुकीवर चूक: यंत्राने आधी चुकीचं ऐकलं, मग त्याचंच भाषांतर केलं. सगळं झाल्यावर, आपला समज बरोबर होता का एवढं तपासायला एकदा लावलंत तर ठीक.

ओळींऐवजी पूर्ण मजकूर उघडायची सवय लावा. व्हिडिओखालच्या वर्णनात ‘शो ट्रान्सक्रिप्ट’ असतं. त्यातल्या कुठल्याही ओळीवर दाबलं की व्हिडिओ त्याच जागी जातो. संगणकावर जे हे अक्षर दाबलं की दहा सेकंद मागे, एल दाबलं की दहा सेकंद पुढे, के ने थांबतं, आणि डाव्या बाणाने पाच सेकंद मागे जाता येतं. मोबाइलवर पडद्याच्या डाव्या बाजूला दोनदा टिचकी मारा. एकच वाक्य दहा वेळा ऐकायचं असतं तेव्हा ही बटणं हाताखाली नसतील तर माणूस कंटाळून सोडून देतो.

ऑफिसात इंग्रजी बोलताना उच्चारांवरून टोकतात. परदेशी ढंग आणावा लागेल का? (बँक कर्मचारी, कोल्हापूर)

नाही. ढंग आपला राहू दे, पण तीन-चार जागा सुधारा. समोरचा अडतो तो तिथेच.

पहिली जागा ‘व’ची. इंग्रजीत दोन वेगळे ध्वनी आहेत आणि आपला ‘व’ त्यांच्या मधोमध पडतो. पश्चिम दिशा आणि अंगातलं बनियन, दोन्हींना देवनागरीत ‘वेस्ट’च लिहावं लागतं. बनियनच्या ‘व’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकवा आणि गुणगुण जाणवू द्या. दिशेच्या ‘व’ला दात कुठेही लागता कामा नयेत: आधी ‘उ’साठी ओठ गोल करा, तिथूनच ‘एस्ट’ म्हणा. आरशासमोर केलं तर दोन दिवसांत जमतं.

दुसरी जागा इ-ईची. शाळेत ऱ्हस्व-दीर्घ पाठ केलेलं असलं तरी मराठी बोलताना त्यावर अर्थ फारसा अवलंबून नसतो. शब्दाच्या शेवटी तर आपण सगळेच इकार लांबवतो. इंग्रजीत जहाज आणि मेंढी, ‘शिप’ आणि ‘शीप’, यात फक्त लांबीचा फरक नाही. जहाजाचा ‘इ’ सैल असतो, थोडा ‘ए’कडे झुकलेला. मेंढीच्या ‘ई’ला ओठ ताणले जातात.

तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची, आघाताची. मराठीत शब्दातली सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोरात निघतात. इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची पुसट होतात. फोटोग्राफमध्ये जोर ‘फो’वर, फोटोग्राफरमध्ये ‘टॉ’वर, फोटोग्राफिकमध्ये ‘ग्रॅ’वर. जोर चुकला तर प्रत्येक ध्वनी बरोबर असूनही ऐकणाऱ्याला शब्द सापडत नाही. केंब्रिजच्या किंवा ऑक्सफर्ड लर्नर्सच्या ऑनलाइन शब्दकोशात उच्चार लिहिलेला असतो, त्यात जोराच्या अक्षराआधी वर एक छोटी उभी रेघ असते. ती रेघ पाहायची आणि शेजारचं स्पीकरचं चिन्ह दाबून ऐकायचं. ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही उच्चार मिळतात. एक निवडा आणि त्यावरच राहा. शब्द वाक्यात कसा येतो हे ऐकायचं असेल तर ‘यूग्लिश’ या संकेतस्थळावर तो टाइप करा. खऱ्या व्हिडिओंमध्ये तो शब्द जिथे उच्चारला आहे, नेमका तिथून व्हिडिओ सुरू होतो.

ट आणि ड आपण जीभ मागे वळवून म्हणतो. त्याने कुणाचंही अडत नाही, सोडून द्या.

स्वतःची तपासणी मोबाइलच्या इंग्रजी कीबोर्डवरच्या माइकने करता येते, पण पूर्ण वाक्य बोलून नव्हे. पूर्ण वाक्यात यंत्र संदर्भावरून अंदाज बांधतं आणि तुमचा चुकलेला उच्चारही बरोबर टाइप करून देतं. सुटे शब्द बोला, जोडीजोडीने: जहाज, मेंढी, मेंढी, जहाज. दहापैकी आठ वेळा बरोबर उमटलं की पुढे जा.

सगळे टेन्स व्हिडिओंवरून पाठ केले. परीक्षेत गुण मिळतात, बोलताना मात्र चुकतात. (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, परभणी)

कारण बोलताना आधी मराठी वाक्य तयार होतं. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे आपल्याकडे अगदी सहज वाक्य आहे. त्याचं शब्दशः ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ होतं आणि ते इंग्रजीत खटकतं. तिथे साधं ‘आय वेंट’ हवं. ‘हॅड गॉन’ तेव्हाच, जेव्हा नंतर घडलेली दुसरी गोष्टही सांगायची असते: तो आला तेव्हा मी गेलेलो होतो. तसंच ‘त्या विषयावर चर्चा केली’ यावरून ‘डिस्कस्ड अबाउट’ येतं, आणि ‘मला दोन भाऊ आहेत’चं ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ होतं.

बाराच्या बारा टेन्सचे व्हिडिओ पुन्हा पाहू नका. स्वतःचं पाच मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून उतरवा आणि सतत होणाऱ्या पाच चुकांची यादी करा. महिनाभर तेवढ्याच धरा. चॅट करणारे एआय ॲप वापरत असाल तर ‘माझं इंग्रजी सुधार’ असं सांगू नका. ते सगळा मजकूर गुळगुळीत करून देतं आणि तुमची चूक कुठे होती हे कळतच नाही. ‘फक्त काळाच्या चुका दाखव, वाक्य बदलू नकोस, कारण मराठीत सांग’ असं सांगा. कारण पटलं नाही तर शब्दकोशातली उदाहरणं पाहा, ॲपशी वाद घालण्यात वेळ घालवू नका.

‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’चे पैसे भरावेत का? (निवृत्त कर्मचारी, डोंबिवली)

नको. त्याच पैशात मुंबईला जाऊन-येऊन कुणाशी तरी इंग्रजीत गप्पा मारा.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. नेटवर्क दिवसातून थोडा वेळच येतं. मुलांना इंग्रजी ऐकवायचं तर कसं? (शिक्षक, अक्कलकुवा)

व्हिडिओचा आग्रह सोडा, आवाजाच्या फाइल वापरा. सहा मिनिटांची 128 केबीपीएस दर्जाची एमपी3 फाइल जेमतेम सहा एमबीची होते. तेवढ्याच वेळाचा व्हिडिओ त्याच्या कित्येक पट जागा खातो. तालुक्याला जाल तेव्हा महिन्याभराचा साठा उतरवून मेमरी कार्डावर ठेवता येतो. यूट्यूबच्या ॲपमध्येच ऑफलाइन ठेवलेले व्हिडिओ ठरावीक काळानंतर पुन्हा इंटरनेट मागतात, त्यामुळे ऐन तासाला दगा देतात. व्हिडिओ उतरवून देतो म्हणणाऱ्या परक्या साइट्सवर तर शाळेचा मोबाइल नेऊच नका. तिथल्या बनावट बटणांमागे भलतीच ॲप्स बसलेली असतात.

‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या अमेरिकी सरकारच्या नभोवाणी केंद्राने 1959 मध्ये सुमारे 1,500 शब्दांच्या मर्यादेत, संथ वेगात वाचल्या जाणाऱ्या बातम्या सुरू केल्या. पुढे त्याचंच ‘लर्निंग इंग्लिश’ झालं. मार्च 2025 पासून त्या केंद्राचं काम बहुतांशी थांबलं, पण जुने भाग जिथे मिळतील तिथून जरूर घ्या. त्यांनी स्वतः तयार केलेला मजकूर सार्वजनिक मालकीचा असल्याने छापून वर्गात वाटता येतो. सातवी-आठवीला चालेल. लहान वर्गांसाठी बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर मोफत आहेत, आणि पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपमधलं साहित्य उघडतं. तेही नेटवर्क असतानाच उतरवून ठेवा.

वर्गात मोबाइलचा स्पीकर पुरत नाही. पत्र्याच्या छताखाली मागच्या मुलांना फक्त घुमणारा आवाज मिळतो आणि त्यातून नवे ध्वनी शिकता येत नाहीत. छोटा ब्लूटूथ स्पीकर वर्गाच्या मध्यावर, मुलांच्या कानाच्या उंचीवर ठेवा. एका वेळी दोन मिनिटांपेक्षा जास्त ऐकवू नका, पण तीच दोन मिनिटं आठवड्यात पाच वेळा ऐकवा. ज्या मुलांच्या घरची भाषा भिली किंवा पावरी आहे, त्यांना अर्थ मराठीतून सांगणं म्हणजे दुसऱ्या परक्या भाषेतून सांगणं. तिथे वस्तू, चित्र आणि कृती दाखवून सांगितलेलं लवकर पोचतं.

नर्सिंग झालं आहे, ब्रिटनला जायचं आहे. आयईएलटीएस द्यावी की ओईटी? ऑनलाइन तयारी पुरते का? (परिचारिका, सांगली)

दोन्ही इंग्रजीच्या परीक्षा आहेत: आयईएलटीएस सर्वसाधारण, ओईटी आरोग्य क्षेत्रातल्यांसाठी. तिथली नर्सिंग परिषद दोन्ही स्वीकारते. आयईएलटीएस अकॅडेमिकमध्ये वाचन, ऐकणं, बोलणं यांत 7 आणि लेखनात 6.5 लागतात, ओईटीत लेखनाला सी प्लस आणि बाकी तिन्हीला बी श्रेणी. अर्ज करण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर अट पुन्हा वाचा. ओईटीचा विषय दवाखान्यातलाच असतो: लेखनात रुग्णाच्या नोंदींवरून 45 मिनिटांत पत्र, बोलण्यात परिचारिका आणि रुग्ण असे दोन प्रसंग, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे. वॉर्डात काम केलेल्यांना ती सहसा सोपी जाते.

ऐकण्याची तयारी व्हिडिओंवर चांगली होते, एका अटीवर. दोन्ही परीक्षांत ध्वनिफीत एकदाच वाजते. तेव्हा शेवटचे सहा आठवडे थांबवायचं बटण, ओळी आणि कमी वेग, तिन्ही बंद. पत्रलेखन मात्र एकट्याने व्हिडिओ पाहून सुधारत नाही. नोंदींपैकी काय घ्यायचं आणि काय गाळायचं, हे कुणीतरी तुमचं पत्र तपासून दाखवावं लागतं. पैसे खर्च करायचेच असतील तर तिथे करा.