वाचनालयाची शताब्दी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न: आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाला पुढील वर्षी शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. कार्यकारी मंडळात दोन मते आहेत. काहींना मोठा सोहळा, ग्रंथदिंडी आणि स्मरणिका हवी आहे, तर काहींच्या मते तो पैसा इमारतीच्या डागडुजीला आणि नव्या कपाटांना लावावा. निधी बेताचाच आहे. सुरुवात कशापासून करावी?
— एक कार्यवाह, सातारा जिल्हा

उत्तर: प्रथम आपले आणि आपल्या सभासदांचे मनःपूर्वक अभिनंदन. लोकांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर एखादी संस्था शंभर वर्षे उभी राहते, ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडील दोन्ही मतांमध्ये तथ्य आहे; परंतु सुरुवात संपूर्ण ग्रंथपडताळणीने करावी, असे मी आग्रहाने सांगेन. दाखल नोंदवहीतील पहिल्या क्रमांकापासून एकेक पुस्तक कपाटात प्रत्यक्ष आहे की नाही हे पाहावे आणि जे जागेवर आहे, जे गहाळ आहे व जे जीर्ण झाले आहे, त्यांच्या स्वतंत्र याद्या कराव्यात. हे काम वेळखाऊ आणि कंटाळवाणे असल्यामुळे अनेक वाचनालयांत ते वर्षानुवर्षे पुढे ढकलले जाते. शताब्दीच्या निमित्ताने माजी सभासद, निवृत्त शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी मदतीला येऊ शकतात. एरवी असे मनुष्यबळ मिळणे कठीण असते.

दाखल नोंदवहीकडे आपण फक्त हिशेबाची वही म्हणून पाहतो, याचे मला नेहमी वाईट वाटते. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, किंमत आणि शेरा एवढेच रकाने असतात, पण ते सावकाश वाचत गेले की गावाच्या वाचनाचा इतिहास समोर येतो. किमतीच्या रकान्यातील रुपये-आणे-पै १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाल्यानंतर नये पैशांना जागा देतात. कोणत्या वर्षी खरेदी आटली आणि केवळ देणगीच्या पुस्तकांवर भागवावे लागले, बालवाङ्मय केव्हा वाढले, कोणत्या घराने आपला सगळा संग्रह वाचनालयाच्या स्वाधीन केला, हे तेथे कळते. शेऱ्याच्या रकान्यातील ‘गहाळ’, ‘बाद’, ‘किंमत वसूल’ अशा नोंदीसुद्धा वाचण्यासारख्या असतात, कारण जी पुस्तके पुन्हा पुन्हा हरवली आणि पुन्हा पुन्हा विकत घेतली गेली, ती गावाची खरी आवडती पुस्तके होती. याच्या जोडीला कार्यकारी मंडळाची जुनी इतिवृत्ते वाचावीत: वर्गणी कधी वाढली, महिलांसाठी स्वतंत्र वेळ केव्हा ठेवली गेली, वाचनकक्षात वीज केव्हा आली, अशा गोष्टी बहुधा तेथेच सापडतात. स्मरणिका काढायचीच असेल, तर ती या दोन साधनांवरून लिहावी. जाहिराती आणि शुभेच्छासंदेश यांनीच पाने भरलेली स्मरणिका दुसऱ्यांदा कोणी उघडत नाही.

पडताळणी झाली की नोंदवही आणि इतिवृत्ते यांच्या पानन्‌पानाची छायाचित्रे काढून त्यांच्या दोन प्रती ठेवाव्यात, आणि त्यांपैकी एक वाचनालयाच्या इमारतीबाहेर असावी. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरले, आणि जुलै २०२१मध्ये चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरावर, म्हणजे १८६४ साली स्थापन झालेल्या संस्थेवर, तीच वेळ आली. दोन्हीकडे ग्रंथसंपदेची मोठी हानी झाली. यादी सुरक्षित असेल तर निदान काय गेले हे नेमके कळते आणि त्यानुसार इतर संस्थांकडे व वाचकांकडे मागणी करता येते. आपले गाव नदीकाठी असेल, तर दुर्मिळ ग्रंथ तळमजल्यावर आणि कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात मुळीच ठेवू नयेत. नव्या कपाटांचा निर्णय या यादीनंतर घ्यावा, म्हणजे किती आणि कोणत्या प्रकारची कपाटे लागतील हे अंदाजावर सोडावे लागणार नाही.

सोहळा अवश्य करावा. गावाचा त्यावर हक्क आहे. त्या दिवशी जुन्या नोंदवहीचे पहिले पान काचेखाली उघडे ठेवावे, एवढी विनंती.

प्रश्न: आमच्या संग्रहातील शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकांची पाने हात लावताच तुटतात. काही सभासद लॅमिनेशन सुचवतात, काही ती रद्दीत काढावीत असे म्हणतात. काय करावे?
— एक ग्रंथपाल, विदर्भ

उत्तर: दोन्ही करू नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद सर्वत्र आला. त्या कागदात आम्ल तयार होत राहते, म्हणून तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. त्याहून जुना, चिंध्यांपासून केलेला कागद पुष्कळदा अधिक चांगल्या स्थितीत आढळतो. लॅमिनेशनमध्ये कागद उष्णतेने प्लॅस्टिकला कायमचा चिकटतो आणि पुढे कोणत्याही तज्ज्ञाला त्यावर उपचार करता येत नाहीत. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांवर उतरतो, म्हणून तीही वापरू नये. तज्ज्ञांची मदत मिळेपर्यंत अशी पुस्तके आम्लरहित कागदात गुंडाळून, आडवी, कोरड्या जागी ठेवावीत. डांबरगोळ्यांवर फार विसंबू नये. भिंतीतून येणाऱ्या वाळवीवर त्यांचा इलाज नाही, भिंतीची ओल आधी थांबवावी लागते.

जागेअभावी निर्लेखन, म्हणजे पुस्तके संग्रहातून बाद करणे, करावेच लागते, आणि ते रीतसर ठराव करून करण्यात काही गैर नाही. मात्र दोलामुद्रिते, म्हणजे मुद्रणाच्या आरंभकाळात, १८६७पर्यंत छापलेली पुस्तके, स्थानिक लेखकांची पुस्तके आणि जुन्या नियतकालिकांचे अंक त्या यादीत कधीही घालू नयेत. गाजलेली कादंबरी दुसरीकडे मिळेल. गावातल्या शिक्षकाने स्वखर्चाने छापलेली पुस्तिका कदाचित फक्त आपल्याकडेच उरली असेल.

अशा पुस्तकांचे स्कॅनिंग करून ती सर्वांसाठी खुली करायची असतील, तर स्वामित्वहक्क पाहावा. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९६४पर्यंत निवर्तलेल्या लेखकांचे असे साहित्य आता मुक्त झाले आहे.

प्रश्न: महाराष्ट्रातील सर्वांत जुने वाचनालय कोणते?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: हा मान १८२८ साली स्थापन झालेल्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयाला दिला जातो, २०२८ मध्ये त्याला दोनशे वर्षे होतील. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८चे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५०चे. आपल्या ठाण्यातील मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चे आहे आणि त्याचे महत्त्व वेगळे आहे, कारण मराठी ग्रंथांचाच संग्रह करायचा, हा हेतू ठरवून ते स्थापन झाले.

प्रश्न: वर्धापन वर्षासाठी शासकीय साहाय्य मिळते का?
— एक विश्वस्त, मराठवाडा

उत्तर: १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड या वर्गवारीप्रमाणे जे परिरक्षण अनुदान मिळते, ते दैनंदिन कामासाठी असते. वर्धापन वर्षासाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची स्वतंत्र योजना असून ५०, ६०, ७५, १००, १२५, १५० अशा टप्प्यांवरील ग्रंथालयांचा तिच्यात विचार होतो. अर्जाचा नमुना आणि सध्याच्या अटी आपल्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून घ्याव्यात. त्याआधी स्थापनेचा पुरावा, लेखापरीक्षण अहवाल आणि धर्मादाय कार्यालयातील नोंदी तपासाव्यात. दिवंगत विश्वस्तांची नावे तेथे अजून तशीच असतील, तर फेरफार अर्ज याच महिन्यात दाखल करावा. त्याच्या मंजुरीला वेळ लागतो आणि वर्धापन वर्ष त्यासाठी थांबणार नाही.